चोपन्न किलोंची हवा

वलगावात शालिकराम होल्यांना कुणी होले म्हणून ओळखत नाही. ते काटेवाले शालिकरामजी. घरात वजनकाटा आहे म्हणून नव्हे; झेंडू आणि वांगी पिकवणाऱ्या घरांत वजनकाट्याचं काय अप्रूप? यांचा काटा हातात आहे. मेथीची जुडी असो, कांद्याचं पोतं असो, की पाहुण्यांचं रडकं पोर असो, एकदा उचलायचं, डोळे किंचित बारीक करायचे आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. अमरावतीच्या भाजीबाजारात पहाटेच्या हर्रासाला, म्हणजे लिलावाला, अडत्यांनी त्यांच्याशी पैजा लावल्या आणि हरून चहा पाजला. एकाने तर पोत्यात मुद्दाम दगड घालून ठेवला होता. शालिकरामजींनी पोतं उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाले, "एक्कावन किलो कांदा, अन् दोन किलो लबाडी." त्या अडत्याचं हसं झालं ते आजतागायत होतंय.

या हाताचा त्यांना गर्व आहे आणि तो लपवण्याची तसदी ते घेत नाहीत.

एकुलती एक लेक रूपाली पाच वर्षांची असताना तापाने फणफणली होती. पार्बताबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, मारुतीला नवस बोलला. पोर उठून बसली तेव्हा तिला देवळाच्या ओट्यावर गुळाने तोललं. एका पारड्यात रूपाली, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. पारडं हलायच्या आधीच शालिकरामजींनी तिला काखेत धरून सांगून टाकलं होतं, "साडेतेरा." गूळ साडेतेराच लागला. सगळ्या आळीने तो खाल्ला, आणि घरात एक रीतच पडली. दर तीळसंक्रांतीला अंघोळ झाली, हातावर तिळगूळ पडला, की रूपालीने फुलांच्या काट्यावर उभं राहायचं. बापाने आधी आकडा सांगायचा, मग काट्याने हो म्हणायचं. कॉलेजात गेल्यावर ती लाजायची, पण उभी राहायची.

डिप्लोमा झाला आणि तिला नोकरी लागली ती थेट तमिळनाडूत, होसूरला. विजेवर चालणाऱ्या सायकली बनवणारा कारखाना. तिथे ती बॅटरीच्या लाइनवर लागली. "इतक्या लांब पोट्टीले धाडता काहून?" असं विचारणारे विचारून गेले. शालिकरामजी छाती पुढे काढून सांगायचे, "माह्यी पोट्टी बॅटऱ्या बनवते. तुमची काय बनवते?" उत्तर दिल्यावर घरी येऊन मात्र ते बराच वेळ नुसते बसून राहायचे, हे पार्बताबाईंनाच ठाऊक.

पहिल्या वर्षी रूपाली सुट्टीवर आली ती सायकलसकट. कारखान्यात तपासणीसाठी चालवलेल्या सायकली कामगारांना देऊन टाकल्या, त्यातली एक तिने घेतली होती आणि ट्रान्सपोर्टने पुढे पाठवली होती. जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल. पायडलपाशी मोटर, दांड्यात बॅटरी. पायडल मारलं, की मागून कुणीतरी हळूच हात लावून ढकलावं तशी पुढे जाते. शालिकरामजींचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. "आता वावरात जुनी सायकल रेटत जायचं नाई," असं बजावून तिने ती बापाच्या हाती दिली.

आठव्या दिवशी, जायच्या आदल्या सकाळी, ती स्वतः ती सायकल घेऊन वावरात निघाली. गावापासून वावरापर्यंत दीड मैलाची पांदण आहे. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात गुडघाभर चिखल असते, आणि तो चिखल वाळला की बैलगाड्या-ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होऊन बसतात. सायकलचा पुढचा शॉकअप साध्या स्प्रिंगचा, तोही तपासणीत पार थकलेला. प्रत्येक खड्ड्यात तो खटकन तळाला आपटायचा. रूपाली वावरात पोचली ती दोन्ही हात झटकतच.

"हात सुन्न झाले बाबा. हिचा शॉकअप बदला, ब्रेक बदला, मग पाहा. मंग मी आली की रोज वावरात येईन सायकलनं."

पोरगी बोलून गेली. पण शालिकरामजींनी ते ऐकलं आणि मनात पक्कं धरलं. शॉकअप बदलला, की पोरगी रोज वावरात येईल. आता होसूरहून रोज वावरात कसं येता येईल, हे विचारायला त्यांच्यातला व्यवहारी माणूस त्या दिवशी जागेवर नव्हता.

निघायच्या सकाळी संक्रांत नव्हती, तरी त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. "चोपन्न," ते आधीच म्हणाले. काट्यावर चोपन्न किलो तीनशे ग्रॅम आले. "वरचे तीनशे चपलांचे," असं म्हणून त्यांनी तिची बॅग उचलली आणि रस्त्याला लागले.

मग सुरू झाला दोन वर्षांचा सायकलचा संसार. अमरावतीत राजकमल चौकाच्या मागे चंदनचं सायकल दुकान आहे. तिशीतला माणूस, सगळ्या जिल्ह्यातली डोंगरातली सायकल त्याच्याच दुकानात येऊन आजारी पडते. शालिकरामजी फुलं उतरवली की हर्रासाहून सरळ तिथे जायचे. आधी टायर बदलले. मग तारेचे ब्रेक काढून तेलाचे बसवले. दोन बोटांनी दाबले तरी गाडी जागेवर उभी. मग हॅण्डलचे रबर, मग सीट. प्रत्येक वेळी फोटो जायचा होसूरला, आणि तिकडून उत्तर यायचं, "मस्त बाबा! आली की चालवते." ती येत मात्र नव्हती. एका वर्षी दिवाळीला कामाची घाई होती, संक्रांतीला बदलीवर माणूस मिळाला नाही. फोन रोज असायचा. ती हसायची, ते हसायचे, पार्बताबाई विचारायच्या, "जेवली का व?" ती म्हणायची, "जेवली."

शेवटी राहिला शॉकअप. हवेवर चालणारा घ्यायचा ठरला, आणि इथे शालिकरामजींनी घोळ घातला. हवेचा शॉकअप अकोल्याच्या एका दुकानात होता. तिथल्याने फोनवर विचारलं, सायकलच्या डोक्याच्या, म्हणजे हॅण्डलखालच्या, नळीचं माप सांगा. यांनी बोट घालून पाहिलं आणि सांगून टाकलं. अकोल्याला एसटीने जाऊन, बारदानात गुंडाळून, मांडीवर घेऊन तो आणला. चंदनने बसवायला घेतला तर शॉकअपचा दांडा नळीत जाईना.

"काका, माप कशानं घेतलं?"

"बोटानं."

"बोटानं कोथिंबीर मोजत असतेत, काका." चंदन पोट धरून हसला. शालिकरामजी पुन्हा एसटीत बसले, अकोल्याला जाऊन बदलून आणला. हाताला वजन कळतं, माप कळत नाही, हे त्यांना साठीच्या उंबरठ्यावर समजलं आणि ते फार लागलंही.

डिसेंबरात नवा शॉकअप बसला. आता दुसरी चूक. त्यांनी घरी नेल्यावर चंदनने दिलेल्या छोट्या पंपाने त्यात हवा भरली ती अशी टणक, की अंगठ्याने दाबली तरी गाडी हलेना. गाडी म्हणजे ओझं वाहायची वस्तू, ती दबली म्हणजे कमजोर, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. खोदलेल्या रस्त्यावरून दुकानात पोचेस्तोवर दात खुळखुळले.

"काका, हे टायर नोहे," चंदनने समजावलं. "बसणारा बसला की हा थोडा दबलाच पायजे. आधीच दबून राहिला तरच खड्डा आला की चाक खाली जाते. नाई तं चाक वरच्यावर उडते. हे पाहा." शॉकअपच्या चकचकीत नळीवर एक बारीक काळं रबराचं कडं होतं. बसायच्या आधी ते तळाला सरकवायचं, हळूच बसायचं, हळूच उतरायचं. कडं जिथे राहील तिथवर गाडी दबली. "दोन बोटं आलं की समजा बरोबर. वजन कोणाचं धरू, तुमचं?"

"माहं नाई. पोट्टीचं. चोपन्न."

"मंग तिले घेऊन या न."

"थे होसूरले हाये. पोंगलच्या सुट्टीत येऊन राहिली."

 चंदनने पंप पुन्हा त्यांच्या हातात दिला.

घरी येऊन शालिकरामजींनी कांदा तोलला. सीटवर चाळीस किलोंचं पोतं, हॅण्डलच्या दोन्ही अंगांना सात-सात किलोंच्या थैल्या. बरोबर चोपन्न. पार्बताबाईंना सायकल धरून उभं केलं. हवा थोडी सोडायची, कांदा चढवायचा, उतरवायचा, कडं पाहायचं, पुन्हा थोडी भरायची. सकाळची उन्हं डोक्यावर आली.

"लेकीऐवजी कांदे बसवून राहिले माणूस," पार्बताबाई करवादल्या. पण सायकल सोडली नाही. आणि कडं बरोबर दोन बोटांवर थांबलं तेव्हा दोघंही त्या पोत्याकडे पाहत राहिली. शालिकरामजींना एकदम वाटलं, की सीटवर ती बसलेली आहे, आत्ता मागे वळून काहीतरी बोलेल. त्यांना लेकीची इतकी आठवण आली, की त्यांनी पोतं उतरवायला उगाच वेळ लावला.

त्या दिवसापासून ते सायकलवर बसले नाहीत. त्यांचं वजन अडुसष्ट. त्यांच्यासाठी हवा वाढवावी लागली असती. गुडघा कुरकुरत होता, तरी जुनी सायकल बाहेर निघाली.

भोगीच्या दिवशी रूपाली बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरली. थंडीचे दिवस, अंगात जाड ढगळा स्वेटर, डोक्याला रुमाल. शालिकरामजींनी बॅग उचलली. "अठरा."

"झालं का सुरू?" ती हसली. "चला बाबा, आई वाट पाहत असन."

दारातच पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला. "किती वाळली व माय!"

पण पार्बताबाई हे सगळ्यांनाच म्हणतात. नागपूरहून आलेल्या नव्वद किलोंच्या भाच्यालाही त्या हेच म्हणाल्या होत्या. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. रूपालीने आईच्या गळ्यात हात टाकले आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. अंघोळ झाली, तिळगूळ झाला. शालिकरामजींनी फुलांचा काटा पुसून अंगणात आणून ठेवला. रूपालीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता काय लायनी हाओ का मी? आधी सायकल दाखवा." ते तर यासाठीच दोन वर्षं थांबले होते. टिनाच्या शेडमधून त्यांनी सायकल बाहेर काढली. पुसून पुसून तिचा रंग उडायचाच तेवढा बाकी होता. टायर, ब्रेक, रबर, सीट, एकेक वस्तू त्यांनी नाव घेऊन दाखवली. शॉकअपपाशी आले तेव्हा त्यांनी सायकल सरळ उभी धरली.

"बस. हळूच. मी धरतो."

त्यांनी कडं तळाला सरकवलं. ती बसली, आणि बसल्याबसल्या लहान पोरीसारखी खुदकन हसली. "उतर, हळूच." ती उतरली. शालिकरामजी वाकले.

कडं दीड बोटावर होतं.

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा बसवलं, पुन्हा दीड बोट. मग त्यांना नळीचं माप आठवलं आणि कानाची पाळी गरम झाली. पुन्हा आपलीच चूक. हवा जास्त झाली असेल. त्यांनी पंप जोडून आकडा पाहिला. आकडा तोच होता. तरी विश्वास बसेना. ते शेडमध्ये गेले, कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन आले, दोन थैल्या आणल्या, काट्यावर ठेवल्या. चोपन्न. सायकलवर चढवल्या, उतरवल्या.

कडं दोन बोटांवर.

रूपाली शेडच्या खांबाला धरून उभी होती. आता ती हसत नव्हती.

"पंचेचाळीस," शालिकरामजी म्हणाले.

"शेहेचाळीस."

"स्वेटर काढ, मंग सांग."

तिने स्वेटर काढला नाही. खांबाला टेकून खाली बसली. "भादव्यात कावीळ झालती बाबा. एकवीस दिवस होस्टेलात पडून होती. मंग अन्नच जाईना."

"फोनवर तं रोज हसत होती."

"हसाले काय लागते?"

"काहून नाई सांगितलं?"

"तुमी वावर टाकून धावत आले असते. दसऱ्याचा झेंडू उभा होता."

"झेंडूले काय जाळाचं होतं मले?" ते इतक्या जोरात ओरडले, की आतून पार्बताबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. शालिकरामजींना आधी राग आला, मग भयंकर लाज वाटली. पोत्यातला दोन किलोंचा दगड ज्या हाताला कळतो, त्या हाताला पोटच्या पोरीचे नऊ किलो गेलेले चार महिने कळले नव्हते. काल बडनेऱ्याला त्यांनी बॅग तोलली होती. लेकीच्या खांद्यावर नुसता हात ठेवला असता, तरी समजलं असतं.

 पार्बताबाईंनी लेकीचं डोकं पोटाशी धरलं, पिठाचे हात तिच्या केसांना लागले. मग रूपालीनेच डोळे पुसले आणि उठली. "जाऊ द्या न आता. बरी झाली मी. थोडी हवा कमी करा, बरोबर बसते मंग. वावरात जाऊ."

शालिकरामजींनी पंप जोडला. हवा सोडायच्या बटणावर अंगठा ठेवला. आणि तसाच काही क्षण ठेवून पंप परत काढून घेतला.

"नाई. हवा हाये तेवढीच राहीन. वजन तू घेऊन ये."

हट्टी माणूस. त्या कडक शॉकअपवर रूपाली पांदणीने वावरात गेली. पहिल्यापेक्षा शंभर पटीने बरं, पण हात थोडे झिणझिणलेच. मागून जुन्या सायकलवर बाप. दिलेला शब्द तिने पाळला, आठही दिवस रोज गेली. वावरात शेवंती तोडली, बांधाच्या धुऱ्यावर बसून ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, दुपारी सीताफळाच्या झाडाखाली पाय ताणून झोपली. शालिकरामजी दर दिवशी ठरवायचे, आज म्हणायचं, राहून जाय. सातव्या दिवशी म्हणाले.

"काम आवडते मले बाबा," ती म्हणाली. "मी बनवलेली बॅटरी कुठं कुठं पयते, माहीत हाये? तुमाले जसं वावर, तसं मले थे." तिने हे अगदी सरळपणे सांगितलं. पोरगी सुखी आहे आणि इथे नाही, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे त्यांना त्या धुऱ्यावर उमगलं. उमगून काही हलकं झालं नाही.

निघायच्या सकाळी तिनेच सायकल बाहेर काढली. स्वेटर काढून ठेवला, कडं तळाला सरकवलं, हळूच बसली, हळूच उतरली, आणि दोघंही एकदम वाकले. दीड बोटाच्या केसभर पुढे.

"आईच्या भाकरीचं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला दोन बोटं. पक्कं." मग बापाच्या गळ्यात पडली. या वेळी शालिकरामजींनी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जमिनीपासून थोडी उचललीही. आकडा मात्र सांगितला नाही.

ती गेली. ते कडं जिथल्या तिथे आहे.

सायकलवर कुणी बसलं, तर ते सरकेल. म्हणून सायकलवर कुणी बसत नाही. पण होसूरहून रोज फोन येतो, आणि रूपाली पहिला प्रश्न विचारते, "किती किलो झाली ते नंतर सांगते. सायकल वावरात नेता न बाबा? उभी करून ठेवू नका." शालिकरामजींना लेकीशी खोटं बोलता येत नाही. म्हणून रोज सकाळी ते ती सायकल बाहेर काढतात आणि हॅण्डल धरून, दुखऱ्या गुडघ्याने, दीड मैल पांदणीने पायी घेऊन जातात. मोटर बंद, पुढची चाकोरी आली की चाक अलगद उचलून पलीकडे ठेवायचं. वावरात पोचल्यावर सीताफळाला टेकवायची, संध्याकाळी तशीच परत आणायची.

वाटेत नत्थुजींचं वावर लागतं. ते धुऱ्यावर हरभऱ्याचे डहाळे सोलत बसलेले असतात.

"काहो शालिकरामजी, एवढी मोटरवाली सायकल अन् पायी? बॅटरी संपली का काय?"

"हो जी," शालिकरामजी म्हणतात, "संपली," आणि वाकून एकदा कडं पाहून घेतात.